जुईचं तोंड आलं

जुईनं पहिला घास थुंकला तेव्हा हौसाला वाटलं, भात कडक राहिला असेल. तिनं तोच घास बोटांनी कुस्करला, वर डाळीचं पाणी घातलं आणि पुन्हा नातीच्या तोंडाशी नेला. पोरीनं ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

"खा गो बाय. एक घास. आजीचा एक."

बांधावरच्या करंजाला साडीची झोळी बांधली होती. पुढची दोन खाचरं कापून झाली होती, भात आडवं पडलं होतं. तिसऱ्यात दाजी, चांगो आणि शुक्री ओणवे होऊन विळे चालवत होते. दाजी म्हणजे हौसाचा नवरा. साठी उलटलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, पण विळा हातात आला की चांगोला मागं टाकणारा. चांगो आणि शुक्री हे कातकरी जोडपं दरसाल डोंगराकडच्या वाडीवरून कापणीला यायचं. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. सकाळी ऊन असं की मानेची कातडी सोलून निघावी, आणि दुपार कलली की माथेरानच्या अंगानं काळे ढग चढायचे. दाजी दर थोड्या वेळानं तिकडं बघायचा.

"हौसा, पोरीला झोलीत टाक नि ये. ढग बग कसं आयलंत."

हौसानं जुईला उचललं. पोरीचा गाल तिच्या गळ्याला लागला आणि ती जागीच थांबली. पोर फणफणली होती.

जुई दीड वर्षाची. तिचा बाप केतन उलव्याच्या बांधकामांवर डंपर चालवायचा, चार-चार दिवस तिकडंच राहायचा. आई रंजिता पनवेलला कापडाच्या दुकानात काउंटरवर होती. त्यामुळे पोर दिवसभर हौसाच्याच अंगाखांद्यावर असायची. हौसाच्या बोटानं जेवायची, हौसाच्या पेल्यातून पाणी प्यायची.

संध्याकाळी रंजिता आली, तिनं ताप मोजला. एकशे दोन. "दात येत असतील, आई," ती म्हणाली आणि तापाचं औषध पाजलं. पोरीनं अर्धं औषध ओठांवरून खाली सोडलं.

दुसऱ्या दिवशी रंजिताला सुट्टी मिळाली नाही. दिवाळीच्या गर्दीत मालक सुट्टीचं नावही काढू देत नव्हता. चप्पल पायात घालता घालता ती सांगत होती, "सहा तासांनी औषध, या खुणेपर्यंत. पाणी उकळून गार केलेलं. उन्हात नेऊ नका. आणि फोन जवळ ठेवा, मागच्यासारखा पिठाच्या डब्यावर नको."

"नाय ठेवनार गो."

ती गेल्यावर हौसा पोरीला घेऊन दारातल्या उजेडात बसली. जुईच्या तोंडातून लाळ गळत होती, झबल्याचा गळा चिंब झाला होता. हौसानं तिचा खालचा ओठ हलकेच बोटानं उतरवला. हिरड्या लालभडक, फुगून दातांवर आलेल्या. बोट लागलं तिथं रक्ताचा बारीक ठिपका उमटला. जिभेच्या कडेला आणि ओठाच्या आत पांढुरक्या फोडी, त्यातल्या काही फुटून पिवळट खड्डे पडलेले. आणि वास. बाळाच्या तोंडाला दुधाचा वास यावा, हिच्या तोंडाला काहीतरी कुजल्याचा येत होता.

हौसानं पुन्हा वास घेतला. हा वास तिच्या ओळखीचा होता.

चौतीस वर्षांपूर्वी, मिठागरं चालू होती तेव्हा, तिच्या पहिल्या मुलीचं तोंड असंच आलं होतं. मंदा अकरा महिन्यांची. सासूनं शेजारगावची एक म्हातारी बोलावली. म्हातारीनं खरबरीत फडकं बोटाला गुंडाळलं, तुरटीत बुडवलं आणि पोरीचं तोंड रक्त येईस्तोवर घासून काढलं. मंदा त्यानंतर अंगावर प्यालीच नाही. हौसा छाती तिच्या तोंडाशी धरायची आणि पोर किंचाळायची. चौथ्या दिवशी तिचं किंचाळणं थांबलं, आणि हौसाला वाटलं, पोरीला बरं वाटतंय. कशानं गेली ते कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सासूनं हौसाला पुन्हा मिठागरात धाडलं होतं. केतन त्यानंतर तीन वर्षांनी झाला. मंदाचं नाव या घरात सून आल्यावर कुणी काढलं नव्हतं.

दुपारी शेजारची गंगाबाई ताक मागायला आली. पोरीच्या तोंडात डोकावून म्हणाली, "तोंड आयलंय. तुरटी भाजून लाव, एका दिसात साफ. हाय का घरात? आन, मी लावते."

गंगाबाईनं बोट पुढं केलं. हौसानं ते हात मारून बाजूला केलं.

"हात नको लावू तिला!"

"अगो, मी काय मारते काय तिला?"

"जा तू, गंगा. ताक रांजणाजवल हाय, घे नि जा."

गंगाबाई ताक न घेताच गेली. हौसा पोरीला छातीशी धरून भिंतीला टेकून बसून राहिली.

त्या संध्याकाळी रंजिता उशिरा आली ती मेडिकलमधून एक मलम घेऊनच. सकाळी ते लावायला गेली तशी जुई असं ओरडली की खळ्यावरून दाजी धावत आला. मलम लावून, घड्याळ बघत, डोळे पुसत रंजिता कामावर गेली. आणि त्यानंतर जुई पाणीसुद्धा घेईनाशी झाली. चमचा दिसला की ती दोन्ही हातांनी तोंड झाकायची.

ढग आज सकाळपासूनच होते. दाजीनं हौसाला शेतात बोलावून घेतलं. पेंढ्या बांधून, पाऊस लागू नये म्हणून त्यांची उडवी रचायला हात हवे होते. हौसानं पोरीला झोळीत घातलं आणि पेंढ्या बांधायला बसली. पण दर दहा पेंढ्यांनी उठून झोळीत बघायची. जुई झोपत नव्हती, रडतही नव्हती. डोळे अर्धे उघडे ठेवून नुसती पडली होती.

शुक्री पाणी प्यायला बांधावर आली. तिची स्वतःची चार पोरं वाढवून झाली होती. तिनं झोळीत वाकून बघितलं, मग पोरीच्या ढुंगणाखाली हात घालून डायपर दाबला.

"हौसाबाय, ही मुतली कवा?"

हौसा हिशेब करायला लागली. सकाळी रंजितानं जाताना डायपर बदलला होता. आता दुपार झाली होती. तिनं स्वतः हात लावला. डायपर घडीवरून काढल्यासारखा कोरडा होता.

"रडते तवा डोल्यांत पानी येतं का?" शुक्रीनं विचारलं.

हौसाला आठवेना. तिनं पोरीला हलवलं. जुईचं तोंड वेडंवाकडं झालं, रडण्याचा बारीक आवाज आला, पण डोळे कोरडेच राहिले.

हौसानं पोर उचलली आणि बांधावरून चालायला लागली.

"कुठं चालली?" दाजी ओरडला. "अर्ध्या तासाचं काम हाय! एवढ्या पेंढ्या बांध नि मंग जा. पाऊस आयला तर सगला मातीत जाल!"

"जाऊं दे मातीत."

"येडी झाली काय? तोंड आयलंय तिचं, सगल्या पोरांचं येतं!"

हौसा वळली. तिचा आवाज चढला नाही, पण चांगोचा विळाही थांबला. "मंदाचं पन आलं होतं. तवा तुमी मिठावर होतात, मी पन होतो. आता मी जाते."

दाजीनं खाली वाकून पुढची पेंढी उचलली.

डांबरी रस्त्यावर यायला पाव तास लागला. रिक्षात बसल्यावर हौसानं रंजिताला फोन लावला. पोरीचं नाक ती पुन्हापुन्हा बोटानं चाचपत होती, श्वास लागतोय का बघत होती. खड्ड्यात रिक्षा आदळली की जुई कण्हायची, आणि त्या कण्हण्यानं हौसाला धीर यायचा.

पनवेलात एसटी स्टँडच्या मागं मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. रंजिता दुकानाचा गणवेश तसाच अंगावर घेऊन दारात उभी होती. बाईंनी पोरीला टॉर्चच्या उजेडात बघितलं. हिरड्या, जीभ, टाळू बघितला, जबड्याखालच्या गाठी चाचपल्या. मग तळहात आणि तळपाय उलटेपालटे करून बघितले.

"हातापायांवर काही नाही. हिरड्या सुजून रक्त येतंय, गाठी आल्यात, ताप तिसरा दिवस. हे व्हायरसचं इन्फेक्शन आहे. ओठांवर ताप फुटतो ना, तोच व्हायरस. लहान मुलांना पहिल्यांदा होतो तेव्हा अख्खं तोंड धरतो." त्यांनी टॉर्च खाली ठेवला. "घरात हल्ली कुणाच्या ओठावर फोड आले होते?"

हौसाचा हात आपोआप पदराकडे गेला. कापणीच्या उन्हात दरसाल तिचा ओठ फुटायचा. आधी चुरचुर, मग पाण्याच्या फोडींचा घोस, मग खपली. यंदाची खपली पडून चारच दिवस झाले होते. कोपऱ्यावरचा लाल डाग अजून होता. त्याच ओठांनी तिनं पोरीचे मुके घेतले होते. भात फुंकून, ओठाला लावून, गार झाला का बघून भरवला होता.

रंजिता तिच्याकडे बघत होती.

"माज्या," हौसा म्हणाली.

"ठीक आहे. दहातल्या सात-आठ माणसांच्या अंगात हा असतोच आजी, तुमचा काही गुन्हा नाही. तुम्हालाही कुणाकडून तरी आलाच असेल. फक्त फोड असताना मुका नाही, चमचा-पेला एक नाही, आणि हात धुवायचे."

पण रंजितानं पुढं होऊन पोरीला हौसाच्या मांडीवरून उचलून घेतलं होतं.

बाई सांगत गेल्या. व्हायरसचं औषध वेळेत सुरू होतंय, ते दिवसातून पाच वेळा द्यायचं. मलम बंद. तापाचं औषध वेळेवर, म्हणजे दुखणंही कमी होईल. गार, मऊ, आंबट-तिखट नसलेलं काहीही. तोंड बरं व्हायला दहा-बारा दिवस जातील. "पण आता मला काळजी पाण्याची आहे. तासभर इथं बसा. हे साखर-मिठाचं पाणी दर दोन मिनिटांनी थोडं थोडं द्या. घेतलं नाही तर ॲडमिट करून सलाइन लावावं लागेल. आणि एक, ही अंगठा चोखते. तोच हात डोळ्याला गेला आणि डोळा लाल दिसला, तर त्याच दिवशी यायचं. डोळ्याशी हा व्हायरस वाईट."

बाहेरच्या बाकावर रंजितानं चमचा भरला. जुईनं तोंड झाकलं. हात बाजूला धरून चमचा ओठाला लावला तशी ती कमान करून मागं गेली आणि पाणी सांडलं. दुसऱ्यांदा तेच. पाचव्या वेळी रंजितानं चमचा खाली ठेवला.

"आई, ती घेत नाहीये," ती म्हणाली. सासूला म्हणाली की स्वतःच्या आईला, तिलाही कळलं नसावं.

हौसा उठली. नळाखाली कोपरापर्यंत हात साबणानं धुतले. पदर नाकातोंडावरून ओढून मागं खोचला. "चमच्याचं लोखंड लागतंय तिला. ती औषधाची पिचकारी दे, बिनसुईची." तिनं पिचकारीत पाणी ओढलं, पोरीच्या गालाच्या आतल्या बाजूला, जिथं फोड कमी होते तिथं, टोक नुसतं टेकवलं आणि एक थेंब सोडला. जुई दचकली. थेंब गेला. हौसा थांबली. मग दुसरा. पोरीच्या गळ्याची हालचाल बघायची आणि मगच पुढचा थेंब. रंजिता मोबाईलमधल्या घड्याळात वेळ बघत होती.

तास उलटला, वर आणखी अर्धा गेला. बाहेर पाऊस सुरू झाला. आणि हौसाच्या हाताला, पोरीच्या बुडाखाली, ऊब लागली. तिनं डायपर दाबून बघितला, पुन्हा दाबला. तिनं रंजिताचा हात धरून तिथं ठेवला. रंजिता तोंडावर ओढणी धरून हमसाहमशी रडली.

सलाइन लागली नाही. पण घरी आल्यावर जुई आईच्या खोलीत गेली आणि दार लोटलं गेलं.

रंजितानं कामावर फोन करून चार दिवसांची रजा सांगितली, ठेवा नाहीतर काढा म्हणाली. त्या संध्याकाळी हौसा हात धुवायला बाहेरच्या ओट्यावर गेली तेव्हा तिला तिची थाळी, पेला आणि टॉवेल ओट्याच्या कठड्यावर वेगळे ठेवलेले दिसले. त्या कठड्यावर दोन कप वर्षानुवर्षं पालथे असायचे. चांगोचा नि शुक्रीचा. आता त्यांच्या शेजारी हौसाचा पेला होता. तो तिथं कुणी ठेवला ते विचारायची गरज नव्हती. सकाळी शुक्री चहाला आली, तिनं आपला कप उचलला, पेल्याकडे बघितलं, हौसाकडे बघितलं आणि चहा फुंकत उभी राहिली.

"पोर मुतली का?" तिनं एवढंच विचारलं.

"मुतली. दोनदा."

"मंग झाला."

दोन दिवस हौसा भिजल्या भातात राबली. पेंढ्या सोडून सोडून पसरायच्या, उलटायच्या, ढग आला की गोळा करायच्या. तळाच्या पेंढ्यांना कोंब फुटायला लागले होते. कंबर मोडून घरी आली की ती लोटलेल्या दारापाशी उभी राहायची आणि आतला आवाज ऐकायची. पोर रडली तर भीती वाटायची, गप्प असली तर जास्त वाटायची.

रविवारी सकाळी दार उघडं होतं. रंजिता मोरीत कपडे धूत होती. जुई खाटेवर बसली होती, ताप उतरलेला, अंगठा तोंडात. हौसा उंबऱ्याबाहेरूनच बघत होती. पोरीनं अंगठा काढला, त्याच मुठीनं उजवा डोळा चोळला आणि उजेडाकडे बघताना तोच डोळा मिटून घेतला.

हौसानं उंबरा ओलांडला. पोरीची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. उजव्या डोळ्याचा पांढरा भाग गुलाबी झाला होता. पापणीच्या कडेला दोन बारीक फोडी होत्या.

"रंजिता!"

रंजिता ओल्या हातांनी धावत आली आणि आधी हौसाचा हात तिला दिसला. "आई, हात लावू नका सांगितलं होतं ना..."

"डोला बग तिचा."

"काल रात्रभर रडली, म्हणून असेल. उद्या सोमवारी दाखवते. आज रविवार, कुठला दवाखाना उघडा असणार?"

"आज. बाईनी सांगितलं, त्याच दिशी."

"माहितीये मला! पण मला जरा..."

"रंजिता, बस इथं." हौसा स्वतः जमिनीवर बसली. "केतनच्या आदी मला पोर झाली होती. मंदा. तिचं तोंड असंच आलं. सगली मला सांगत होती, आज नाय, उद्या बरी व्हल. मी गरीब गायीसारखी ऐकत गेलो. मीठ ओढत होतो मी, ती मरत होती तवा. तू मला हात लावू देऊ नको तिला, माजं भांडं गावाबाहेर ठेव. पन उद्या नको बोलू."

रंजितानं ओले हात पुसले आणि फोन उचलला.

डॉक्टरीणबाईंनी फोनवरच डोळ्यांच्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला, त्यांना दवाखाना उघडायला लावला. केतन उलव्याहून मोटारसायकलवर थेट तिथं आला. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळं औषध घातलं, खोलीतला दिवा मालवला आणि निळ्या उजेडात बघायला लागले. जुईचं डोकं हौसानं धरलं होतं. रंजितानंच सांगितलं होतं, तुम्ही धरा, मला जमणार नाही. डॉक्टरांनी डोळा या कडेनं, मग त्या कडेनं बघितला.

"बुबुळाच्या कडेला एक बारीक रेघ आहे," ते अखेर म्हणाले. "फांदीसारखी. आत्ताच सुरू झालीय. दोन-चार दिवस उशीर झाला असता तर डाग राहिला असता, नजरेवर आला असता. आता मलम सुरू करू. दिवसातून पाच वेळा, चुकवायचं नाही."

रंजितानं रजा वाढवून घेतली. पाच वेळा मलम घालणं म्हणजे पाच वेळा झुंज. हौसा डोकं धरायची, रंजिता पापणी ओढून मलमाची बारीक रेघ सोडायची. जुईच्या हातांत केतनच्या जुन्या मोज्यांचे तुकडे घातले, रात्री सुटू नयेत म्हणून मनगटाला नाडीनं बांधले. आठव्या दिवशी तिनं गार पेज अर्धी वाटी घेतली. दहाव्या दिवशी हिरड्यांतलं रक्त थांबलं. हौसाची थाळी कधी आत आली ते तिलाही नीट कळलं नाही, एका दुपारी ती मांडणीवर होती. कठड्यावरचे दोन कप मात्र होते तिथंच पालथे राहिले, आणि हौसा त्यांच्याकडे बघून आत गेली.

दिवाळी कशी आली नि गेली ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा निळ्या उजेडात डोळा बघितला तेव्हा रेघ गेली होती.

"काय दिसतंय?" हौसानं विचारलं.

"काही नाही."

"काय नाय म्हंजे बरं का वाईट?"

"बरं, आजी. साफ आहे. पण हा व्हायरस अंगात झोपून राहतो. पुन्हा कधीही डोळा लाल झाला तर लगेच यायचं. दहा वर्षांनी झाला तरी."

दहा वर्षांनी, हे हौसानं मनात दोनदा म्हटलं.

पुढच्या सोमवारी रंजिता कामावर निघाली. दुकानानं ठेवलं होतं तिला. खळ्यावर दाजी आणि चांगो उरलेलं भात झोडत होते, निम्म्याचे दाणे काळे पडले होते. रंजितानं केस बांधले, डबा पिशवीत टाकला, जुईला उचलून हौसाच्या हातात दिलं आणि चप्पल घातली. हौसा वाट बघत होती. औषध किती, पाणी कसलं, फोन कुठं.

"येते आई," रंजिता म्हणाली आणि पायऱ्या उतरली. फाटकाजवळही ती मागं वळली नाही.

हौसा पोरीला घेऊन दारात उभी राहिली. काहीतरी सांगून जायला हवं होतं हिनं, असं तिला वाटत राहिलं. मग तिनं पोरीचं तोंड उजेडाकडे केलं आणि खालचा ओठ हलकेच उतरवून बघितला.